माळ्याची खिडकी

ता. ४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र परवा पोचलं. इकडे आम्ही बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. तुमच्या भावाचा मागच्या आठवड्यात बंदरावरून फोन आला होता. जहाज वेळेवर आहे, त्यांचं वजन वाढलंय, घरी यायला अजून दीड महिना आहे, एवढीच बातमी. बाबांच्या मनगटाचं प्लास्टर आणखी तीन आठवडे राहील. कपाळावरची खोक भरत आली. डाव्या हातावर निभावलं हेच नशीब. उजव्या हाताने जेवतात, दाढी करतात आणि सुताराला बोट दाखवून दाखवून त्याचा जीव खातात.

फोन करायचा सोडून पत्रं काय लिहितेस, असं तुम्ही विचारलंत. भिंतींना कान असतात म्हणतात. या घरात ते कान बाबांचे आहेत. नजर थोडी अधू झाली, पण ऐकू सगळं येतं. त्यांची खाट सध्या माझ्या शिवणखोलीत, मशीनपासून चार हातांवर. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलणं मला जमत नाही. आणि खरं सांगू का, फोनवर तुम्ही "बोल" म्हणालात की माझी जीभ टाळूला चिकटते.

आता मुद्द्याचं. माळ्यावरची बाबांची खोली अर्ध्यावर आली आहे. जमिनीच्या नव्या फळ्या बसल्या. खिडक्यांसाठी सुताराने दोन ठिकाणची कौलं काढून ठेवलीत आणि वरून ताडपत्री बांधलीय. वारा सुटला की ती दिवसभर फडफडते आणि मला मशीनवर सरळ शिवण घालता येत नाही. सुताराचं तोंडही तसंच, सकाळी आठला सुरू होतं ते संध्याकाळी बंद होतं. बाबांनी त्याचं नाव रेडिओ ठेवलंय.

काल खिडकीवाला जाडजूड पुस्तक घेऊन आला. मला वाटत होतं, खिडकी म्हणजे खिडकी. पण उतरत्या छपरातल्या खिडकीचा संसार वेगळाच असतो. भिंतीतली खिडकी उभी असते, ही छपराच्या अंगावर तिरकी पडलेली. ऊनपाऊस सगळं थेट तोंडावर. जिन्यावरची लहान खिडकी पाच मिनिटांत ठरली, तिला नुसती काच. भांडण आहे ते बाबांच्या खाटेजवळच्या मोठ्या खिडकीचं. तिचे तीन प्रकार. एक पक्की काच, उघडतच नाही. दुसरी मधोमध फिरते. वरचा अर्धा भाग आत येतो, खालचा बाहेर जातो. पुसायला सोपी, पण तिची चौकट मध्येच आडवी येते, तिच्यातून माणूस बाहेर पडू शकत नाही. तिसरीची बिजागरी वरच्या बाजूला. ती पेटीच्या झाकणासारखी अख्खी उचलली जाते, आणि मग खोलीत उभं राहिलेला माणूस कमरेपर्यंत छपराच्या बाहेर.

बाबांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून तिसरीवर बोट ठेवलं. मी पुस्तक मिटलं आणि खिडकीवाल्याला चहा विचारला.

तुम्ही लिहिलंयत की पक्की काचच बसवा, बोट जाईल एवढी फटही नको. जो माणूस भर दुपारी छपरावर चढतो आणि का चढलो हे डॉक्टरांना सांगू शकत नाही, त्याच्या उशाशी उघडणारी खिडकी ठेवायची नाही. बरोबर आहे तुमचं. मी त्या दिवशी बटणं आणायला बाजारात गेले नसते तर हे झालंच नसतं, हे मीही मनाला रोज सांगते. बाबांना मी अजून काही बोलले नाही. पक्की काच म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते मला बघवणार नाही. ते तुम्ही सांगितलंत तर बरं.

तब्येतीला जपा.

तुमची,
वहिनी


ता. १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. खुशाली मागच्यासारखीच. वकीलबाईंचा कोट एकदाचा देऊन टाकला, त्यांनी नाक मुरडलं पण घेतला.

पक्क्या काचेचं काही जमत नाही. रेडिओ एरवी दहा वाक्यं बोलतो त्यातली नऊ वाऱ्यावर सोडायची असतात, पण दहावं कामाचं असतं. माळ्यावर माणूस झोपणार असेल तर तिथली एक तरी खिडकी अशी पाहिजे की तिच्यातून बाहेर पडता येईल, असा नियम आहे. आपला जिना लाकडी. खाली आग लागली तर पहिला तोच पेटणार, मग वरचा माणूस जाणार कुठून? नगरपालिकेचा माणूस खोली तपासायला येतो, आणि असली खिडकी नसेल तर झोपायची परवानगी देत नाही. मधोमध फिरणारीही चालणार नाही. म्हणजे बाबा माळ्यावर राहायचे तर तिसरीच हवी, आणि तिसरी नको असेल तर बाबा माळ्यावर राहू शकत नाहीत. इकडे आड तिकडे विहीर, असं झालंय.

खाली जागा किती ते तुम्ही पाहिलंयत. एक खोली आमची, एक माझ्या कामाची. मापं द्यायला बायका येतात तेव्हा बाबा पायरीवर जाऊन बसतात, ऊन असो की वारा. कधी कुरकुर केली नाही. पण हे फार दिवस चालायचं नाही.

खिडकीवाल्याला पुढच्या शुक्रवारच्या आत आकडे हवेत, नाहीतर पुढची गाडी महिन्याने. त्याचा माणूस आला नाही म्हणून मापं मीच घेतली. वीस वर्षं गळ्यात टेप घालून फिरते, मला कोण शिकवणार? बसल्यावर बाहेर दिसलं पाहिजे आणि उभं राहिल्यावर चौकट कपाळाला लागायला नको, म्हणून जमिनीपासून नव्वद सेंटिमीटरवर खालची कड धरली आणि दोनशेवर वरची. लांबी एकशे दहा. कागदावर लिहून टेबलावर ठेवलंय. प्रकाराची जागा मोकळी आहे.

तुम्ही विचारलंयत की कौल सरकल्याचं बाबांना कोणी सांगितलं. कोणी सांगायला कशाला हवं, पाणी गळत होतं ते दिसत होतंच. मशीनवर थेंब पडायला लागले तेव्हा मीच खाली पातेलं ठेवलं. म्हणजे आधी ठेवलं होतं, मग बाजारात गेले. मला आता नीट क्रम आठवत नाही. त्या दिवसाचं सारखं काय विचारता ताई? जे झालं ते झालं.

डॉक्टरांच्या कागदाची प्रत तुम्ही मागितली होती, ती सोबत आहे. त्यात "स्मृतिभ्रंशाची शक्यता" असं लिहिलंय. शक्यता लिहिलंय, एवढं लक्षात ठेवा.

बाकी ठीक.

वहिनी


ता. १९ मार्च

ताई,

तुमचं पाकीट सोमवारी मिळालं. वृद्धाश्रमाचा अर्ज, त्यावर तुमची सही, तुमच्या भावाने बंदरावरून पाठवलेलं संमतिपत्र, आणि पेन्सिलने फुली मारलेली जागा, जिथे मी सही करायची. तिथली बाई पंचवीस तारखेला अकरा वाजता बाबांना बघायला येणार आणि पहिल्या तारखेपासून त्यांची खाट तिथे. तुम्ही लिहिलंयत, "वहिनी, तुझ्यावर किती दिवस भार टाकायचा? ज्याला कालचं आठवत नाही त्याला घरात सांभाळणं सोपं नाही." तुम्ही माझ्यासाठी इतक्या चांगल्या शब्दांत यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं.

अर्ज मी कापडाच्या गठ्ठ्याखाली ठेवला. बाबांनी मंगळवारी विचारलं, "पहिल्या तारखेला न्यायला येणार ना?" मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? तर म्हणाले, मुलाने फोनवर सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी आपली कौलं बसवायची हातोडी आणि दोर रेडिओला देऊन टाकले. रेडिओ तासभर गप्प होता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

काल, बुधवारी, खिडकीवाल्याचा निरोप आला की शुक्रवारऐवजी उद्या सकाळीच आकडे पाठवा. मी शिवत होते. बाबा टेबलापाशी गेले आणि माझा कागद डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, हे माप तू उभं घेतलंस."

मी म्हटलं, मापं उभीच घेतात, वीस वर्षं घेतेय.

"माणसाची उभीच घ्यायची. छपराची उतारावरून घ्यायची. या उताराला उभ्या दहाचे चौदा होतात. तुझी खिडकी एकशे दहाची आली तर मला काही दिसायचं नाही. एकशे चौपन्न लिही."

कागद नाही, पेन्सिल नाही, एक हात गळ्यात बांधलेला. मी खिडकीवाल्याला फोन लावला. त्याने यंत्रावर बोटं चालवली. एकशे साडेपंचावन्न आलं. दीड सेंटिमीटरचा फरक, ताई. आणि या माणसाचं डोकं जागेवर नाही म्हणून आपण तिघं त्याला घराबाहेर काढायला निघालो आहोत.

तुम्ही दोघं फसलात. मी फसलेले नाही, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

त्या दिवशी मी बाजारात गेले नव्हते. घरातच होते, मशीनवर.

आता सगळं लिहिते. रेडिओने माळ्याच्या जुन्या फळ्या काढल्या होत्या आणि तो तीन दिवस दुसऱ्या कामावर गेला होता. सकाळी अवेळी पाऊस झाला. एक कौल सरकलं होतं, तिथून पाणी थेट माझ्या टेबलावर. वकीलबाईंचा करडा कोट संध्याकाळी द्यायचा होता, त्याच्या पाठीवर कौलांचा तांबडा ओघळ उतरला. चार दिवसांचं काम. मी डोक्याला हात लावून बसले होते. बाबा खाटेवर चहा पीत होते. जागचे न हलता, नुसत्या थेंबांच्या आवाजावरून म्हणाले, "पन्हळीपासून चौथी ओळ. अर्ध्या बोटाने सरकलंय." मला त्यांचा एवढा राग आला की काय सांगू. मी म्हणाले, "आयुष्यभर लोकांची छपरं शाकारलीत. घरातलं एक कौल नुसतं बसल्या जागेवरून दाखवता?"

त्यांनी कप धुतला, पालथा घातला आणि बाहेर गेले. मी शिडी ओढल्याचा आवाज ऐकला. ती भिंतीला टेकवल्याचा ऐकला. माझ्या डोक्यावर त्यांचे पाय हळूहळू सरकत होते तेही ऐकलं. मशीन थांबवलं नाही. उठून बाहेर यायला मला दहा पावलं होती, पण मनात आलं, जाऊ देत, करू देत एवढं तरी.

शिडीचा पाय धरायला खाली माणूस लागतो, हे या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. आई होत्या तोवर आईंनी धरला. कमरेत उसण भरलेली असतानाही धरला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी कोणी नव्हतं. बाबा छपरावरून पडले नाहीत ताई. वरचं काम करून उतरताना ओल्या फरशीवर शिडी सरकली. आधी पडवीच्या पत्र्यावर आदळले आणि मग खाली. मधे तो पत्रा नसता तर मी हे पत्र लिहायला राहिले नसते. मी धावत गेले तेव्हा ते शुद्धीवर होते. म्हणाले, "बसलं कौल." ते खरंच बसलंय. तिथून एक थेंब आलेला नाही.

शेजारच्या बाई धावत आल्या तेव्हा मी म्हणाले, "मी बाजारात गेले होते." कोणी विचारलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं. मग तेच तुमच्या भावाला सांगितलं, तेच तुम्हाला सांगितलं. एकदा सांगितलेलं निस्तरायला दुसरं, दुसरं निस्तरायला तिसरं. आणि डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आजोबा, या वयात छपरावर कशाला चढलात?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, "आठवत नाही."

या दोन शब्दांवर तो कागद झाला. मी शेजारी उभी होते, एक शब्द बोलले नाही. त्या कागदाची प्रत मीच तुम्हाला पाठवली, वर "शक्यता" या शब्दाकडे लक्ष द्या म्हणून लिहिलं. माझ्या धाडसाची मजल एवढीच.

काल मापाचं झाल्यावर मी मशीनवरून उठले आणि त्यांना विचारलं की तुम्ही खोटं का बोललात. त्यांनी आधी मापाचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाले, "लेकीचा स्वभाव मला ठाऊक आहे. तिने तुझं नाव टाकलं असतं. मुलगा बिचारा जहाजावर. तू इथे एकटी काय करणार होतीस?" मी म्हटलं, आणि तुमचं काय? त्यावर म्हणाले, "मला वाटलं, दोन दिवस म्हातारा म्हणतील आणि विसरतील. एवढं लांबेल असं वाटलं नव्हतं."

ताई, आई गेल्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "बाबांना हिच्या भरवशावर ठेवायचं?" दोन वर्षं ते वाक्य मला सलत होतं. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी त्यांचं सगळं केलं, आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा तुम्ही खऱ्या ठराल या भीतीने गप्प बसले. यातलं काहीही तुमच्या माथी मारत नाही. मी कशी आहे ते सांगतेय.

आणि वर लिहिलेलं माझं वाक्य पूर्ण नाही. तिथे लेखणी अडली होती. "बसल्या जागेवरून दाखवता" असं म्हणून मी थांबले नव्हते. मी पुढे म्हणाले, "एवढंही होत नसेल तर नुसतं बसून खायला राहायचं कशाला इथे?"

हे ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

अर्जावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. पंचवीसला ती बाई आली की दार मी उघडीन आणि इथे जे लिहिलंय तेच तिला सांगेन. डॉक्टरांकडेही जाऊन सांगणार आहे, त्यांनी बाबांना पुन्हा नीट तपासावं. याच पत्राची प्रत तुमच्या भावाला बंदराच्या पत्त्यावर आज टाकतेय. ते येऊन काय म्हणतील ते मला माहीत नाही. घर त्यांचं आहे, तुमचं आहे, बाबांनी बांधलेलं आहे. या चौघांत कोणी जायचं असेल तर ते बाबा नाहीत, एवढं मला कळतं.

खिडकीवाल्याला सकाळी कळवलं. वर बिजागरी असलेली, अख्खी उघडणारी. तुम्हाला विचारलं नाही. बाबांना विचारलं की तुम्हाला हीच कशाला हवी. म्हणाले, उभं राहून समोरची छपरं बघायची आहेत, त्यातली निम्मी त्यांनी शाकारलीत, कुठलं कसं टिकलंय ते बघायचंय. कमरेपलीकडे बाहेर जाणार नाही असा शब्द दिलाय. मी तो खरा धरलाय. या घरात स्वतःला वाचवायला खोटं बोलणारं माणूस ते नव्हेत.

तुम्ही माझ्याशी बोलू नका, पत्राला उत्तर देऊ नका, ते मी समजू शकते. बाबांना मात्र लिहा. रोज पायरीवर बसून टपालाची वाट बघतात आणि कोणाला सांगत नाहीत.

हे पत्र दुपारी त्यांना वाचून दाखवलं. मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर प्लास्टरवर बोट फिरवत एवढंच म्हणाले, "ते बसून खाण्याचं खोडून टाक. लेकीला लागेल."

मी खोडलेलं नाही.

वहिनी